प्रायमर बदलल्यावर मी काय म्हणालो

आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यात एकच भिंत आहे. आयर्लंडमधल्या एनिस गावच्या या वसाहतीत सगळी घरं अशी जोडीजोडीने बांधलेली. शेजारचे गृहस्थ जिना चढताना खोकले की मला इकडे ऐकू येतं. माझी सकाळची स्तोत्रं त्यांना तिकडे ऐकू जातात, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, "तुझा देव बहिरा आहे का?" असं विचारून. ते आयरिश, आयुष्यभर शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलेले. त्यांची बायको गेलेली, माझीही गेलेली. सकाळी माझी मुलगी शॅननला ऑफिसला जाते, नात शाळेत जाते, आणि मग भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा उरतो. आमची मैत्री झाली ती अशी.

इथल्या मराठी मंडळात मला 'दारूगोळ्यातले शास्त्रज्ञ' म्हणून ओळखतात. एका गणपतीत मला शाल-श्रीफळ दिलं. ओळख करून देणारा मुलगा माईकवरून म्हणाला, "देशाच्या संरक्षणात काकांचा वाटा मोठा आहे, पण काका ते कधीच सांगणार नाहीत." लिमरिक आणि गॉलवेहून आलेली शिकणारी पोरं रांगेने पाया पडली. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

मी शास्त्रज्ञ नव्हतो. पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात मी नोकरी केली, हे खरं. पण मी पॅकिंगला होतो. तयार काडतुसं यायची, ती पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची, खोकी पत्र्याच्या पेटीत, पेटी लाकडी खोक्यात, वर स्टेन्सिलने छाप मारायचा. लागलो तेव्हा पॅकिंगला, निवृत्त झालो तेव्हाही पॅकिंगलाच.

हे लपवायला मला खोटं बोलावं लागलं नाही. भरती होतानाच आमच्याकडून लिहून घेतलं होतं की आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत नव्हतो, शहरात राहत होतो. तिथे कुणी विचारलं, "कारखान्यात नक्की काय करता हो?" की मी हसून म्हणायचो, "ते सांगता येत नाही." एवढंच. पुढचं समोरचा माणूस आपल्या मनाने रचायचा. कुणी मला बॉम्बवाला केलं, कुणी इंजिनीअर. मी नुसता हसत राहिलो. बायकोला खरं माहीत होतं. तिने मला कधी उघडं पाडलं नाही, पण एकदा भाकरी थापताना म्हणाली होती, "सांगायचं नाही असं लिहून दिलंय तुम्ही. फुगवून घ्यायचं असं नाही लिहून दिलं." मी ताटावरून उठून गेलो होतो. मुलगी तेव्हा लहान होती. शाळेत 'माझे वडील' या विषयावर तिने भाषण केलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं. त्या भाषणातला माणूस मला आवडला.

इथे आल्यावर शेजाऱ्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. तेव्हापासून ते मला 'सरकारी गुपित' म्हणू लागले. "काय म्हणतंय आज सरकारी गुपित? चहा घेणार का? की तेही सांगता येत नाही?"

त्यांना एकच शौक होता, नेमबाजीचा. गावाबाहेर बॉगच्या, म्हणजे दलदलीच्या माळाच्या, कडेला त्यांच्या क्लबची रेंज आहे. शनिवारी ते मला गाडीत घालून घेऊन जात. मी मागे पत्र्याच्या शेडखाली खुर्चीवर कानाला मफ लावून बसायचो, थर्मासमधला चहा प्यायचो आणि ते दूरच्या कागदावर नेम धरायचे. ते आपली काडतुसं आपल्या हाताने भरत. या देशात ती परवानगी सहज मिळत नाही. क्लबमध्ये त्यासाठी एक कुलपातली खोली होती आणि मोजक्या माणसांनाच तिथे काम करता येई. त्या मोजक्यांत आपण आहोत याचा त्यांना अभिमान होता. शाळेत मुलांना रंधा धरायला शिकवणाऱ्या माणसाला शोभेल असा तो शौक होता. त्यात नेमाइतकंच माप महत्त्वाचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काडतूस म्हणजे पितळेची नळी. तिच्या तोंडाशी गोळी, पोटात पावडर, आणि बुडाशी एक इवलीशी टोपी. तिला हे लोक प्रायमर म्हणतात, आमच्या कारखान्यात कॅप म्हणत. बंदुकीची सुई त्या टोपीवर आपटते, ठिणगी पडते, पावडर पेटते आणि गोळी सुटते. एकदा उडवलेली नळी साफ करून, नवी टोपी बसवून, पावडर मोजून पुन्हा भरता येते. मोजण्यात सगळं आहे. ते तराजूवर पावडरची प्रत्येक चिमूट दोनदा जोखत आणि आकडा मोठ्याने वाचत. फळ्यासमोर उभं राहण्याची सवय सुटली नव्हती. मी त्या खोलीत स्टुलावर बसून ऐकत असे. माझा हात कशाला लागायची परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती.

त्या शनिवारी त्यांनी टेबलावर एक नवी डबी ठेवली.

"सरकारी गुपित, तुझ्या कामाचं एक विचारू?"

"विचार."

"माझे नेहमीचे प्रायमर मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो, येतील तेव्हा येतील. हे मिळाले." त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली. "मापाने तेच, पण जरा तापट जातीचे. ठिणगी मोठी पडते. पुस्तकं म्हणतात, प्रायमर बदलला की आपली जुनी पावडर विसरायची. पार खालून सुरुवात करायची, थोडी थोडी वाढवत न्यायची, दर वेळी रिकामी नळी तपासायची. त्यात माझे किती शनिवार जातील कोण जाणे. आणि मॅच आहे पुढच्या रविवारी." ते हसले. "पुस्तकं लिहिणारे घाबरट असतात. तू तर या कामात जन्म घालवलास. एवढ्याशा टोपीने इतका फरक पडतो का?"

इथे मला थांबून लिहायला हवं, कारण इथेच सगळं झालं.

मला पावडरमधलं काही कळत नव्हतं. पण कॅप बदलली की काय करतात हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या पॅकिंगमध्ये एकच देव होता, त्याचं नाव लॉट. एका लॉटची काडतुसं दुसऱ्या लॉटमध्ये मिसळली की अख्खी पेटी उघडून पुन्हा. आमचा सुपरवायझर ओरडायचा, "जुळी दिसली म्हणून एका आईची झाली का रे?" आणि कॅपचा नवा लॉट आला की सगळं बंद. नमुन्याची काडतुसं प्रूफला, म्हणजे उडवून तपासायला जायची. तिकडून होकार येईपर्यंत आमच्याकडे एकही खोकं भरलं जायचं नाही. आम्ही हातावर हात धरून बसायचो. त्या दुपारी मला फार आवडायच्या. कडुनिंबाखाली बसून चहा, पत्ते, कुणाच्या तरी डब्यातली शेंगदाण्याची चटणी. "कॅप बदलली रे!" अशी आरोळी आली की आम्हा पॅकिंगवाल्यांना सुट्टीच वाटायची.

म्हणजे उत्तर मला माहीत होतं. आयुष्यभर मी त्या उत्तराच्या सावलीत बसून चहा प्यालो होतो. "आमच्याकडे कॅप बदलली की सगळं थांबायचं," एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य पॅकिंगवाल्याचं होतं. त्यानंतर त्यांनी विचारलं असतं, "का? दाब किती वाढतो? तुम्ही तो कसा मोजायचात?" आणि मला सांगावं लागलं असतं की ते मोजणारे दुसरे, मी झाडाखाली बसणारा.

मी डबी हातात न घेता तिच्याकडे तज्ज्ञासारखं पाहिलं. हात झटकला.

"प्रायमर इज प्रायमर," मी म्हणालो. "ठिणगी पडायची, बास. तुझी पावडर आहे तीच ठेव."

"ग्रँड," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मुलासारखा उजळला. आणि त्यांनी नेहमीची पावडर, नेहमीसारखी दोनदा जोखून, आकडा मोठ्याने वाचत, पाचच काडतुसं भरली. "आधी पाच उडवून बघू, मग मॅचची भरू," म्हणाले. एकही आकडा चुकला नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

रेंजवर त्या दिवशी कधी नव्हे ते ऊन होतं. ते आडवे पडले, मी मागे खुर्चीत. पहिला बार झाला. दुसरा झाला. दुसऱ्यानंतर बंदुकीचा मागचा बोल्ट उघडून नळी काढायला त्यांना जोर लावावा लागला. तळहाताने ठोकून त्यांनी तो उघडला, रिकामी नळी बोटात धरून पाहिली, आणि वळून माझ्याकडे बघितलं. कानांवर मफ होते, बोलून ऐकू आलं नसतं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. तो प्रश्न होता.

मी अंगठा वर केला.

तिसऱ्या बाराला आवाज वेगळाच आला. टोपी फुटली आणि तापलेला वायू गोळीमागे जाण्याऐवजी मागच्या बाजूला, त्यांच्या तोंडावर आला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. गालात पितळेचे बारीक कण घुसले, एक भुवई जळली, आणि कानात शिट्टी बसली ती बरेच दिवस गेली नाही. ते उठून बसले आणि रक्ताने भरलेल्या चेहऱ्याने पहिलं वाक्य बोलले ते असं: "कुणाला लागलं नाही ना?"

दवाखान्यातून ते त्याच संध्याकाळी घरी आले. पण पुढच्या आठवड्यात क्लबच्या सुरक्षा बघणाऱ्या माणसाने आम्हा दोघांना बोलावलं. तरुण माणूस, अदबशीर. तो स्वतः दुकानातली तयार काडतुसंच वापरायचा, भरण्यातलं त्याला फारसं माहीत नव्हतं. उरलेली दोन काडतुसं धोक्याची म्हणून क्लबने तेव्हाच नष्ट करून टाकली होती.

"या वेळी काही बदललं होतं का?" त्याने विचारलं.

"प्रायमर," शेजारी म्हणाले. गालावर पट्टी होती. "पण त्याने फरक पडत नाही. या माणसाने दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म काढलाय. मी विचारलं होतं त्याला."

त्या तरुणाने माझ्याकडे पाहिलं. "असं? कुठल्या विभागात?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो. जुनं वाक्य. आपोआप आलं.

त्याने मान डोलावली. मग शेजाऱ्यांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मग पावडर जास्त पडली असणार. दोनदा जोखताना कधी कधी... होतं असं. वय होतं माणसाचं."

शेजाऱ्यांनी टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघितलं. "माझ्या भावालाही असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "त्यालाही वाटायचं की आपण दोनदा बघितलंय."

त्यांचा भाऊ शेवटी त्यांचंच नाव विसरून गेला होता. हे त्यांनी मला कधीतरी आधीच सांगितलं होतं. आता मी शेजारच्या खुर्चीत बसून होतो, प्रत्येक आकडा या कानांनी ऐकलेला, आणि गप्प होतो.

क्लबने त्यांची काडतुसं भरायची परवानगी काढून घेतली. बंदूक त्यांनी आपणहून क्लबच्या तिजोरीत ठेवून दिली. मग गाडी चालवणं सोडलं. त्यांचा मुलगा डब्लिनजवळ ल्यूकनला असतो, तो आला आणि किल्ली घेऊन गेला. हिवाळा लागला. एक दिवस त्यांनी मला हाक मारली; स्वयंपाकघरात टेबलावर कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या आणि त्यावर त्यांच्या सुंदर मास्तरी अक्षरात लिहिलेलं होतं: कप, चहा, औषधं, साखर. प्रत्येक प्रेसच्या दारावर पट्टी लावायची होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

"आधीच लावलेलं बरं," ते म्हणाले. "भावाच्या घरी उशीर झाला होता. जरा टेप धर."

मी टेप धरली. ते फाडत होते, मी धरत होतो. साखरेची पट्टी तिरकी लागली तर ती काढून सरळ लावायला मीच सांगितलं.

"मी एकच गोष्ट दोनदा सांगायला लागलो तर तू मला सांगशील ना?" ते म्हणाले. "मुलगा सांगणार नाही. त्याला वाईट वाटेल. तू सांग."

"सांगेन," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात मी रोज त्यांच्याकडे जायचो. गॅस बंद आहे का बघायचो, औषध घेतलं का विचारायचो. लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय: मला त्यात बरं वाटत होतं. मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो. मुलगी कौतुकाने म्हणायची, "बाबा, तुम्ही आहात म्हणून ते टिकलेत."

मग त्यांच्या मुलाने ल्यूकनजवळच्या एका वृद्धाश्रमात चौकशी केली. जागा होती. घर विकायचं ठरत आलं. त्याआधी डॉक्टरांनी एकदा तपासून सांगावं, म्हणून एनिसच्याच दवाखान्यात वेळ घेतली. माझ्या मुलीने अर्धी रजा टाकली आणि आम्हाला गाडीतून घेऊन गेली. शेजाऱ्यांनी मला मुद्दाम सोबत घेतलं. "मी माझ्याविषयी काय सांगणार? विसरलेलं मला आठवत असतं तर प्रश्नच नव्हता. तू रोज बघतोस. तू सांग."

डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी शेजाऱ्यांना काही प्रश्न विचारले, त्यांनी भराभर उत्तरं दिली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "गेल्या काही महिन्यांत यांनी काय काय विसरलं? एखादं उदाहरण?"

मी आठवू लागलो. किटली? नाही. औषध? मी विचारायच्या आधीच घेतलेलं असायचं. माझ्या नातीचा वाढदिवस त्यांच्या लक्षात होता, माझ्या नव्हता. एकच गोष्ट दोनदा सांगितल्याचंही मला आठवेना. सगळा हिवाळा मी ज्या आजाराची शुश्रूषा केली, त्याची एकही खूण मला सापडत नव्हती.

"काडतुसाचं सांग ना," शेजारी म्हणाले. "लाजू नकोस. तेच पहिलं."

मी इंग्रजीत सुरुवात केली आणि दोन शब्दांत अडकलो. चहाबरोबर बोलायला पुरतं तेवढंच माझं इंग्रजी. मी मुलीकडे वळलो.

"मी मराठीत सांगतो. तू सांग त्यांना. जसंच्या तसं."

"बरं बाबा. बोला."

"यांनी पावडर बरोबर जोखली होती. प्रत्येक वेळी दोनदा. आकडा मोठ्याने वाचला होता, मी ऐकला होता."

तिने ते इंग्रजीत सांगितलं. शेजारी हलले नाहीत.

"प्रायमर बदलला होता. त्यामुळे झालं. त्यांनी मला विचारलं होतं, पावडर कमी करू का. मी म्हणालो, काही गरज नाही."

तिने सांगितलं. तिचा आवाज हळू झाला.

"मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी पॅकिंगला होतो. काडतुसं खोक्यात भरायचो."

ती थांबली. "काय म्हणालात?"

"पॅकिंग. खोकी भरायचो. शेवटपर्यंत."

"बाबा, पण तुम्ही तर..."

"आधी त्यांना सांग. मग माझ्याशी बोल."

माझी मुलगी मोठ्या कंपनीत मीटिंगा चालवते. तिला शब्द शोधावा लागताना मी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवशी तिने 'पॅकिंग' हा एवढासा शब्द दोनदा सुरू करून सोडला. तिसऱ्यांदा तो नीट म्हणाली. मग मी कॅपच्या लॉटचं सांगितलं, प्रूफचं, झाडाखालच्या दुपारींचं. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, हेही. अंगठा वर केल्याचंही. तिने एकही गोष्ट गाळली नाही, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

मग शेजाऱ्यांनी, तेही माझ्याकडे न बघता, माझ्या मुलीला विचारलं, "त्याला विचार. एकही आकडा चुकला नव्हता?"

"नव्हता," मी इंग्रजीत म्हणालो. "वन ऑल्सो नो."

"म्हणजे मी बरोबर जोखलं होतं."

"येस."

त्यांनी डोळे मिटले. जळलेल्या भुवईचे केस पुन्हा आले होते, पण पांढरे आले होते. मी वाट बघत होतो, ते शिवी देतील म्हणून. आयरिश माणसाची शिवी मी ऐकलेली होती. ती चालली असती.

"सगळा हिवाळा," ते म्हणाले. "माझ्याच घरात, कपावर 'कप' लिहून ठेवलं मी." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "आणि टेप तू धरलीस."

डॉक्टरबाईंनी तरीही सगळ्या तपासण्या केल्या. त्या वयाला जेवढं विसरायला होतं तेवढंच होतं, जास्त काही नाही. परतताना शेजारी पुढे मुलीशेजारी बसले, मी मागे. त्यांनी तिला कामाचं विचारलं, शॅननच्या रस्त्यावरच्या गर्दीचं विचारलं. घरापाशी उतरून तिचे आभार मानले आणि आत गेले. भिंतीपलीकडून बराच वेळ चिकटपट्ट्या ओढून काढल्याचा आवाज येत होता.

मुलीने घरात येऊन कोट न काढताच मला विचारलं, "आईला माहीत होतं?"

"हो."

"मी शाळेत भाषण केलं होतं तुमच्यावर."

"आठवतं मला."

"तुम्ही पहिल्या रांगेत होतात, बाबा. हसत होतात." ती खुर्चीवर बसली. "मला पॅकिंगची लाज वाटली असती असं वाटलं का तुम्हाला?"

"नाही. मला वाटत होती."

तिने उठून चहा टाकला आणि पाठमोरी राहूनच विचारलं, "खोक्यावर काय लिहायचात?" मी सांगितलं. लॉट, साल, नग, वजन. हातात कुंचला धरल्यासारखा हात करून दाखवला. तिने वळून तो हात पाहिला. एवढंच बोलणं झालं आमचं त्या दिवशी, आणि नंतरही त्याविषयी फार झालेलं नाही.

पुढच्या शनिवारी तिच्याबरोबर क्लबवर जाऊन मी त्या तरुण माणसालाही सांगितलं. त्याने विचारलं, "मग त्या दिवशी का नाही बोललात?" या वेळी 'सांगता येत नाही' हे खरं होतं. शेजाऱ्यांची परवानगी त्यांना परत मिळाली. ल्यूकनहून गाडीची किल्ली परत आली. घर विकायचं राहिलं. मुलाला बापाने काय सांगितलं मला माहीत नाही, पण तो दारात भेटला तेव्हा त्याने मला नमस्कार केला नाही, आणि ते बरोबर केलं.

मंडळातल्या लोकांनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. शाल मी परत दिली आहे. घेणाऱ्या मुलाने "राहू द्या हो काका, त्यात काय," असं म्हटलं. त्यात काय ते वर लिहिलं आहे. आता कुणी मला शास्त्रज्ञ म्हणू नये, आणि पोरांनी पाया पडू नये.

शेजारी आता पुन्हा शनिवारी रेंजवर जातात. ते नवे प्रायमर त्यांनी टाकून दिले नाहीत. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पार खालून सुरुवात केली आहे, थोडी थोडी पावडर वाढवत. हे मला ते बोलले नाहीत, मुलीला बोलले.

गेल्या आठवड्यात कचऱ्याचे डबे बाहेर काढताना आम्ही दोघं एकाच वेळी फाटकापाशी आलो. मी नेहमीप्रमाणे मान खाली घालून परत फिरत होतो.

"ए," ते म्हणाले. सरकारी गुपित म्हणाले नाहीत. "तुमच्या कारखान्यात टोपी बदलली की तुम्ही नक्की काय करायचात?"

"थांबायचो," मी म्हणालो.

"किती?"

"तिकडून बरोबर आहे असं येईपर्यंत."

"आणि घाई असली तर?"

"तरी थांबायचो."

त्यांनी मान हलवली, डबा भिंतीला सरळ लावला, माझाही तिरका होता तो सरळ केला, आणि आत गेले. मला चहाला बोलावलं नाही. शनिवारी त्यांची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी खिडकीशी गेलो नाही. गाडी वळणापर्यंत गेल्याचा आवाज येईपर्यंत मी बसल्या जागी बसून होतो.